नको म्हणता न आलेला सत्कार

दाजींच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी सांगितले की त्यांनी शेकडो लोकांची दारू सोडवली. चौथ्याने हजारो म्हटले. मी पुढच्याच खुर्च्यांत बसलो होतो. ती माणसे मी स्वतः पाहिलेली आहेत. ज्यांची दारू सुटली आणि सुटलेलीच राहिली असे माझ्या माहितीत बारा जण होते. आणखी वीसेक जण काही महिने, फार तर वर्षभर टिकले. बाकीचे आले, चहा प्याले आणि गेले. बारा हा आकडा लहान नाही असे माझे मत आहे. पण शेकडोच्या शेजारी बारा ठेवले की गेलेल्या माणसाला कमी लेखल्यासारखे दिसते. म्हणून मी काही बोललो नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. दाजी एकदा आमच्या पेठेतून नगरसेवक झाले होते. मी एका सहकारी बँकेत नोकरी केली. आकडे जुळले नाहीत तर मला जेवण जात नाही, असे घरचे म्हणतात. ते खरे आहे. दाजी गेले त्या दिवसांत तर आकडे सोडून दुसरे काही मनात येत नव्हते. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. मूठमाती टाकताना माती ओली होती आणि बोटांना चिकटली, एवढेच आठवते. अक्का रडली. मी मांडववाल्याच्या खुर्च्या मोजून परत दिल्या.

दाजी स्वतः प्यायचे. नगरसेवक असताना प्यायचे आणि निवडणूक हरल्यावर जास्त. "गळ्यात लिंग आन तोंडाला वास," असे आमच्याच भाऊबंदांतल्या एका म्हातारीने त्यांना भर लग्नात ऐकवले होते. तेव्हा ते हसले. पुढे रक्ताची उलटी झाली, दवाखान्यात राहावे लागले, आणि तिथून आल्यावर त्यांनी पुन्हा घेतली नाही. त्यात काही चमत्कार नव्हता. डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते की संध्याकाळ मोकळी ठेवू नका. दाजींनी संध्याकाळ भरायला घेतली. हे नव्वदच्या आसपासचे.

महापालिकेच्या शाळेतली एक खोली त्यांनी मंगळवारच्या संध्याकाळसाठी मागून घेतली. बाके पहिलीच्या मुलांची होती. मोठी माणसे गुडघे छातीशी घेऊन बसायची. चहाचा थर्मास मी नेत असे. खोलीत एकच नियम होता आणि तो दाजींनीच केलेला होता: इथे बोललेले इथेच राहील. आडनाव कोणी विचारायचे नाही. बाहेर भेटलात तर ओळख दाखवायची की नाही हे समोरच्याने ठरवायचे.

त्यांची काम करायची पद्धत वेगळी होती. ते उपदेश करत नसत. एखाद्याच्या बायकोचा निरोप आला की सकाळी सातच्या आत त्याच्या घरी जायचे, म्हणजे त्याचा पहिला घोट जायच्या आधी. चहा मागायचे. नळाला पाणी किती वाजता येते ते विचारायचे. मग म्हणायचे, "माझ्यासंगं जरा महापालिकेत चल. चौकातल्या विधवेचं पाणीबिल चुकलंय, ते दुरुस्त करून आणायचंय." तो माणूस थरथरत्या हातांनी कपडे चढवून निघायचा. दिवसभर या टेबलावरून त्या टेबलावर. दुसऱ्या दिवशी रेशनकार्ड, तिसऱ्या दिवशी तुंबलेले गटार. आमच्या पेठेतली बरीच कामे त्या काळात दारू सोडू पाहणाऱ्या माणसांनी केलेली आहेत, हे लोकांना माहीत नव्हते. लोक म्हणायचे, दाजींच्याकडे कार्यकर्ते बक्कळ आहेत.

त्यांतला एक टर्नर होता. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपात लेथवर कामाला. हात चांगला होता, पण दारूपायी तीन ठिकाणची कामे गेली होती. तो खोलीत फार बोलत नसे. पहिल्या दिवशी एवढेच म्हणाला, "हात थरथरतोय. माप चुकतंय." दाजींनी त्याला शाळेच्या मोडक्या बाकांचे काम दिले. तो रोज संध्याकाळी पाना-हातोडी घेऊन यायचा आणि एकेक बाक नीट करायचा. सगळी बाके झाल्यावर खिडक्यांच्या कड्या. असे करत त्याला वर्ष उलटून गेले. जुन्या मालकाने परत बोलावले. मोठी मुलगी बारावी झाली होती. तिला आजऱ्याकडचे स्थळ आले, काजूचा छोटा कारखाना असलेले. बघणे झाले, पसंती झाली. साखरपुड्याचा दिवस तेवढा धरायचा होता.

आता सत्काराचे सांगायला हवे. आमच्या पेठेत कशाचाही सत्कार होतो. दहावी पास झालेल्याचा, कुस्ती जिंकलेल्याचा, कुस्ती हरूनही चांगली लढलेल्याचा, निवृत्त झालेल्याचा. दिवाळीच्या पाडव्याला म्हैस चांगली सजवून आणली तर तिच्या मालकाचा. फेटा, नारळ, शाल आणि माईकवरून नाव. बाहेरच्या माणसाला हे हसू येण्यासारखे वाटेल. आमच्याकडे चांगली गोष्ट झाली आणि ती स्टेजवर आली नाही तर ती झाली असे कोणाला वाटत नाही. आणि ज्याचा सत्कार ठरला त्याला नको म्हणता येत नाही. नको म्हणणारा माजलेला ठरतो.

पेठेचा गणपती तालीमच बसवते. गणपतीच्या आधी तिचे अध्यक्ष दाजींच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, येऊन बसले. मी तिथे होतो.

"औंदा काय तरी येगळं करू या, दाजी. दारूबंदीवर देखावा हाय. तवा दारू सोडलेल्या त्या टर्नरचा सत्कार पायजे की."

"नको," दाजी म्हणाले. "ती खोलीतली गोष्ट आहे."

"अवो, म्हशीच्या मालकाला आमी फेटा बांधतो. ह्येनं तर दारू सोडलीया! ह्येचा मान म्हशीपेक्षा कमी व्हय?"

दाजी हसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांच्यातला नगरसेवक त्या खुर्चीत होता, तो कुठे गेला नव्हता. ते म्हणाले, "बघतो. तो हो म्हणाला तरच."

मंगळवारी खोली रिकामी झाल्यावर त्यांनी टर्नरला थांबवून विचारले. म्हणाले, तुझ्याकडे बघून आणखी चार जण येतील. टर्नर बाकाच्या कडेवर नख घासत राहिला.

"तुमी म्हणशीला तसं, दाजी."

"माझं सोड. तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचं. तुमी म्हणशीला तसं."

दाजींनी याला होकार धरले. पण ज्या माणसाने आपल्याला उभे केले त्याला नको म्हणणे हे सत्काराला नको म्हणण्यापेक्षाही अवघड असते. दाजींना हे कळायला हवे होते. खोलीत बसून इतक्या जणांचे ऐकलेल्या माणसाला तर नक्कीच.

सत्कार झाला. माईकवाल्याने पूर्ण नाव घेतले, गल्ली सांगितली, वर्कशॉप सांगितले, रोज किती प्यायचा तेही आपल्या मनाने वाढवून सांगितले. "पेठेचा वाघ! बाटलीला चितपट करणारा मर्द!" टाळ्या पडल्या. फेटा सैल बांधला गेल्यामुळे त्याच्या एका कानावर आला होता. गर्दीतून कोणीतरी ओरडले, "आता पेढं नगो, क्वार्टर वाट की!" सगळे हसले. तोही हसला. दाजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघांचा फोटो निघाला. त्याची बायको बायकांच्या बाजूला उभी होती. ती हसत नव्हती.

गणपती बघायला खेड्यापाड्यांतून लोक येतात. त्या गर्दीत नवऱ्यामुलाचा मामा होता.

चार दिवसांनी आजऱ्याहून निरोप आला की मुलगा एवढ्यात लग्न करणार नाही. कारण सांगितले नाही. ते सांगावे लागले नाही. टर्नरने त्या लोकांना दारूबद्दल कधी सांगितलेले नव्हते. सोडून वर्ष झाले होते, सांगावे असे त्याला वाटले नसेल.

त्या मंगळवारी तो आला नाही म्हणून दाजींनी चौकशी केली, तेव्हा त्यांना हे कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे. "बँकेत रजा टाक. आजऱ्याला जायचंय."

आम्ही एसटीने निघालो. गडहिंग्लजला गाडी थांबली तेव्हा एवढेच म्हणाले, "पोरीचं लग्न मोडलं तर हा पिणार." मीही तोच विचार करत होतो. वर्षभर सांभाळलेला माणूस अशाच एखाद्या दिवशी जातो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले होते.

मुलाच्या वडिलांचे घर आणि कारखाना एकाच आवारात होता. पत्र्याच्या शेडमध्ये बायका काजू फोडत होत्या. भाजलेल्या टरफलांचा वास घरभर होता. वडील पन्नाशीचे, शांत गृहस्थ. "या पावणं, बसा," म्हणाले. पाणी आले, चहा आला. आम्ही कोण आणि कशासाठी आलो ते ऐकून घेतले.

दाजी म्हणाले, "मीही प्यायचो. त्याच्यापेक्षा जास्त. आता सात वर्षं झाली."

"चांगलं केलासा."

"तोही सुटला. मी त्याची हमी घेतो."

वडिलांनी कप खाली ठेवला. "तुमी येवढ्या लांबनं आलासा, तुमास्नी वाईट बोलत न्हाय. खरं मला येक सांगा. त्येनं आमास्नी का सांगितलं न्हाय?"

"लाज वाटली असेल."

"बरं. लाज वाटली म्हनून आमास्नी सांगितलं न्हाय. मग ष्टेजवर कसा चढला?"

दाजी म्हणाले, "मी चढवला."

"मग तुमी चुकलासा की." हे ते अगदी साधेपणाने म्हणाले, वजनात काटा इकडचा तिकडे झाल्यावर सांगावे तसे. "आता गाव काय म्हनतंय ठावं हाय? येवढा मोठा सत्कार केला म्हंजे मानूस किती पीत आसंल! ह्यावर मी काय बोलू?"

उठताना त्यांनी काजूची एक पिशवी दाजींच्या हातात दिली. रिकाम्या हाताने पाहुणा पाठवत नाहीत. दाजींनी ती परत केली नाही. तीही नको म्हणता आली नसावी. परतीच्या एसटीत ती पिशवी पूर्ण वेळ त्यांच्या मांडीवर होती आणि ते खिडकीबाहेर बघत होते. मी दोन काजू खाल्ले. चव चांगली होती.

संध्याकाळी आम्ही टर्नरच्या घरी गेलो. त्याने दार अर्धेच उघडले. आधी मी त्याच्या तोंडाचा वास घेण्याचा प्रयत्न केला, दाजींनीही केला असणार. वास नव्हता.

दाजी म्हणाले, "आजऱ्याला जाऊन आलो."

"कशाला गेलतासा?"

"माझी चूक झाली."

"त्येचं काय आता." तो दोघांकडेही बघत नव्हता, गल्लीकडे बघत होता. समोरच्या ओट्यावर दोन बायका लसूण सोलायच्या थांबल्या होत्या. "दाजी, येक इनंती हाय. तुमी येऊ नगा. तुमी दारात आला की गल्लीला कळतंय, बेवड्याचं घर हे."

"तू मंगळवारी ये, मग मी येत नाही."

"न्हाय. तिकडं बी न्हाय."

"आणि प्यायलास तर?"

"प्यालो तर प्यालो."

त्याने दार लावले. आपटले नाही, हळूच लावले. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

पुढच्या दिवसांत आम्ही वाट पाहत होतो. गुत्त्यावरून कोणी ना कोणी येऊन सांगतेच, पेठ केवढी ती. तसे कोणी आले नाही. त्याने उद्यमनगरातले काम सोडले. तिथे सगळे त्याला "वाघ" म्हणू लागले होते, असे कळले. पुढे काही वर्षांनी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याला काम मिळाले. कंपनीची बस आमच्या पेठेच्या तोंडाशी यायची.

दाजी त्यानंतर स्टेजवर चढले नाहीत. पुन्हा तिकीट देऊ असे पक्षाचे लोक एकदा म्हणून गेले, त्यांनाही नाही म्हणाले. लोक म्हणायचे, दाजी आता तुसडे झाले. खोली चालू होती. मंगळवारी ते वेळेवर यायचे, पण बोलणे कमी झाले होते. नवीन माणूस आला की त्याला नियम दोनदा सांगायचे.

आणि रोज सकाळी ते बसथांब्यासमोरच्या हॉटेलात चहाला बसू लागले. घरी अक्काच्या हातचा चहा झाल्यावर. मी दुधाला जाताना कधी कधी त्यांच्यासमोर टेकत असे. ते रस्त्याकडे बघत असायचे.

"आला बघ," म्हणायचे.

टर्नर डबा घेऊन यायचा. या बाजूला बघायचा नाही.

"चालतोय कसा?" दाजी मला विचारायचे. त्यांची नजर अधू झाली होती.

"सरळ चालतोय."

"हात?"

"इथून दिसत नाही, दाजी."

"डबा कसा धरलाय?"

"नीट धरलाय."

मग ते उरलेला चहा पिऊन टाकायचे. हे किती वर्षे चालले ते मी मुद्दाम मोजले नाही. मुलीचे लग्न मधे केव्हातरी झाले, सांगलीकडे दिले. आम्हाला बोलावणे नव्हते. दाजींना ते त्याच्या गल्लीत रोवलेल्या मांडवाच्या बांबूंवरून कळले. त्या दिवशी त्यांनी चहा दोन वेळा मागवला.

दाजी गेले ते झोपेत. लिव्हर आधीच खराब होते, इतकी वर्षे चालले हेच आश्चर्य, असे डॉक्टर म्हणाले. घरात माणसे होती. पुण्याहून माझा भाचा, म्हणजे दाजींचा मुलगा, आला होता. तो एका कंपनीत चांगल्या पदावर आहे. शोकसभा त्याने आणि तालमीच्या लोकांनी मिळून घेतली.

शोकसभेनंतरच्या रविवारी टर्नर घरी आला. मी सोप्यात एकटाच होतो. त्याचे केस पांढरे झाले होते. तो दाजींच्या फोटोसमोर क्षणभर उभा राहिला, मग माझ्याजवळ येऊन बसला.

"चहा?"

"नगो. पिऊन आलोय." मग तो म्हणाला, "दाजी तितं बसायचं, हॉटेलात. मला दिसायचं."

मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"बस सातची. मी पावणेसातलाच येऊन उभा ऱ्हायचो. कवा ताप आसला तरी सरळ चालत यायचो. बगू देत म्हनून. बोलायचं मातर न्हवतं मला."

"कधीच?"

"कवाच न्हाय. पोरगी चार म्हयने जेवली न्हवती नीट. त्ये मी कसं इसरू?" त्याने गुडघ्यावर हात पसरून ठेवले. ते स्थिर होते. "पर प्यालो न्हाय. प्यालो आसतो तर त्येनीं सोताला लावून घेतलं आसतं. तेवढं नगो वाटलं."

ही माफी होती की नव्हती, ते मला तेव्हा कळले नाही आणि आजही सांगता येणार नाही. मी मुलीचे विचारले. बरी आहे म्हणाला, दोन मुले आहेत. आतून अक्काचा आवाज आला तसा तो उठला आणि निघून गेला.

तो बाहेर पडला त्याच वेळी भाचा आत आला. त्याने वळून पाहिले.

"मामा, हे कोण?"

"पेठेतले आहेत."

"बाबांनी सोडवलेल्यांपैकी?" भाच्याचा चेहरा उजळला. "मी तुम्हाला तेच विचारणार होतो. वर्षश्राद्धाला आपण मोठा कार्यक्रम घेऊ. अध्यक्ष म्हणालेत, हॉल तालीम बघेल. बाबांच्या हातून जे जे सुटले त्या सगळ्यांना स्टेजवर घेऊ. शाल, नारळ. त्यांनी दोन शब्द बोलावेत. तुम्हाला सगळे माहीत आहेत. फक्त नावं सांगा."

मी म्हणालो, "मला कोणी आठवत नाही."

"मामा, तुम्हाला? तुम्हाला वीस वर्षांपूर्वीचं लाइट बिल आठवतं."

"ही नावं आठवत नाहीत."

"निदान आता गेले त्यांचं तरी सांगा. मी जाऊन भेटतो त्यांना. ते नाही कशाला म्हणतील?"

"नाही म्हणणार नाहीत," मी म्हणालो. "म्हणून तर."

त्याला ते समजले नाही आणि मी समजावून सांगितले नाही. तो थोडा रागावला. मामाचे वय झाले, असे अक्काला म्हणाल्याचे मला ऐकू आले. ती त्याला काय म्हणाली ते ऐकू आले नाही, पण त्यानंतर त्याने मला पुन्हा विचारले नाही. वर्षश्राद्धाला तालमीने पेठेतल्या दहावी पास मुलांना वह्या वाटल्या. कार्यक्रम चांगला झाला. मला स्टेजवर बोलावले होते. मी पाय दुखतो म्हणून सांगितले आणि खालीच बसलो.